वाचकांचे प्रश्न : उदास मन, उडालेली झोप आणि घरीच ठरवलेली औषधे

नैराश्य आणि झोप या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पाचही जणांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी, किंवा त्यांना टाळून, स्वतःच काही ना काही घेतले आहे किंवा घेण्याचे ठरवले आहे. याबद्दल त्यांना रागावण्याचा माझा विचार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे दिसले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविना राहिल्याचेही दिसले. अशा स्थितीत माणूस हाताशी येईल ते घेणारच. मात्र अशा औषधांना वाली नसतो. गोळी कशासाठी सुरू केली, किती दिवस घ्यायची, तिने काय बदलले आणि ती कधी थांबवायची, याकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस नसतो आणि बहुतेक घोटाळे तिथून सुरू होतात.

प्रश्न : माझे वय ३४. पुण्यात आयटी कंपनीत काम करतो. दीड वर्षापासून कशातच मन लागत नाही आणि पहाटे चारला जाग आली की पुन्हा झोप येत नाही. इंटरनेटवर वाचून अश्वगंधा, मॅग्नेशियम, ओमेगा-३, मेलाटोनिन आणि डी जीवनसत्त्व सुरू केले. विशेष फरक पडेना, तेव्हा मामेभावाच्या चिठ्ठीवर त्याचीच गोळी आणून घेऊ लागलो. तिच्यात एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र आहेत. तीन महिने झोप छान लागली. सवय लागू नये म्हणून आठ दिवसांपूर्वी ती एकदम बंद केली. आता डोक्यात वीज चमकल्यासारखे होते, छाती धडधडते आणि झोप अजिबात नाही. डॉक्टरांकडे गेलो तर ऑफिसात कळेल अशी भीती आहे. यांतले काय ठेवावे आणि काय सोडावे?

उत्तर : सप्लिमेंटच्या यादीकडे नंतर वळू; आधी या आठ दिवसांबद्दल. एस्सिटॅलोप्राम अचानक थांबवले की चक्कर येणे, चिडचिड होणे, विचित्र स्वप्ने पडणे आणि डोक्यातून क्षणभर वीज गेल्यासारखे वाटणे हा त्रास अनेकांना होतो. तो घाबरवणारा असला तरी सहसा धोक्याचा नसतो. क्लोनाझेपामचे तसे नाही. हे औषध शरीरातून सावकाश जाते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच तीस ते चाळीस तास लागतात. त्यामुळे ते बंद केल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी न जाणवता काही दिवसांनी वर येतो : धडधड, हातांना कंप, झोप पूर्ण उडणे आणि क्वचित फिटसुद्धा. म्हणून ‘आठ दिवस निघाले, उरलेलेही निघतील’ असे म्हणत घरी बसू नका. एक-दोन दिवसांत मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यांची वेळ लगेच मिळाली नाही तर फॅमिली डॉक्टरांना भेटा आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या. फिट आली, भास होऊ लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जायचे.

या जोडगोळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ती आपल्याकडे भरपूर लिहून दिली जाते आणि घराघरांतून हातोहात फिरतेही. तिच्यातील दोन औषधांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. एस्सिटॅलोप्रामचा गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा ते आठ आठवडे जातात आणि बरे वाटू लागल्यानंतरही ते निदान सहा महिने चालू ठेवावे लागते. क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री झोप देते, आणि म्हणूनच ते काही आठवड्यांपलीकडे रोज घेऊ नये असा संकेत आहे. दोन्ही एकाच गोळीत असली की एक कमी करून दुसरे चालू ठेवता येत नाही. तुम्हाला तीन महिने जी छान झोप लागली तिचे श्रेय बहुधा क्लोनाझेपामचे होते. नैराश्य त्या काळात किती हटले हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि मला वाटते तुम्हालाही ते नक्की सांगता येणार नाही.

शिवाय नैराश्यावरचे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात : उत्साह अनावर झाला आहे, चार तासांच्या झोपेवरही ताजेतवाने वाटते आहे, पैसा पाण्यासारखा खर्च होतो आहे, असा काही काळ पूर्वी येऊन गेला आहे का? किंवा घरात कुणाला असे झाले आहे का? याचे उत्तर ‘हो’ असेल तर तो द्विध्रुवीय विकार असू शकतो आणि त्यात नुसते नैराश्यावरचे औषध दिले तर मन दुसऱ्या टोकाला उसळण्याचा धोका असतो. हा प्रश्न मामेभावाला कुणीतरी विचारला असेल. तुम्हाला कुणी विचारलेला नाही. थायरॉईड मंदावणे, रक्त कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि घोरताना श्वास अडकण्याचा विकार या चारही गोष्टी थकवा आणि उदासी आणतात, आणि त्यांचा शोध साध्या तपासण्यांनी लागतो. दीड वर्षात सप्लिमेंटवर जो खर्च झाला असेल, त्याच्या थोड्याशा भागात या रक्ततपासण्या झाल्या असत्या.

आता यादी. डी जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी जरूर घ्यावे, पण त्याने मन उजळेल या आशेवर घेऊ नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पन्नाशीच्या पुढील अठरा हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी जीवनसत्त्व आणि निम्म्यांना दिसायला तशीच निष्क्रिय गोळी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. नैराश्य येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळ आणि मूत्रपिंडाचा त्रास घेऊन येणारे रुग्ण आपल्याकडे आढळतात, तेव्हा तुम्ही ती कशी घेता हे आजच तपासा. ओमेगा-३ मध्ये ईपीए नावाचा घटक जास्त असेल तर मूळ उपचारांना थोडीशी जोड मिळते असे काही चाचण्या सांगतात. तो माशांच्या तेलातून मिळतो, जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीरात त्याचे ईपीएत रूपांतर फारच थोडे होते. मॅग्नेशियमबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कमतरता नसेल तर त्याचा निश्चितपणे दिसणारा परिणाम म्हणजे पातळ शौचास होणे.

अश्वगंधेबद्दल आपल्या मनात आपुलकी असते, म्हणून जरा सावधपणे लिहिते. ताण आणि झोप यांवर तिच्या काही आठवड्यांच्या, लहान चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत सौम्य फायदा दिसला आहे. दीड वर्ष टिकलेल्या नैराश्यावर ती पुरेशी ठरते असे दाखवणारा पुरावा नाही. ती थायरॉईडचे संप्रेरक वाढवू शकते, झोपेच्या गोळीची गुंगी वाढवू शकते आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. वनस्पतीजन्य आहे म्हणून डॉक्टरांना सांगायची गरज नाही, ही समजूत तेवढी सोडून द्या.

मेलाटोनिन हे अंधार पडल्याची वर्दी मेंदूला देणारे संप्रेरक आहे. विमानप्रवासाने दिवस-रात्र उलटी झाली असेल किंवा रात्री दोन-तीनपर्यंत झोपच येत नसेल, तर ते योग्य वेळी आणि थोड्या मात्रेत घेतल्यास उपयोगी पडते. तुमची तक्रार पहाटे लवकर जाग येण्याची आहे, आणि ती नैराश्याची नेहमीची खूण आहे. तिथे मेलाटोनिनकडून फार अपेक्षा ठेवू नये. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मेलाटोनिनची ३१ उत्पादने तपासली, तेव्हा लेबलवर छापलेल्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तीपर्यंत प्रमाण आढळले आणि काहींत सेरोटोनिन हे मेंदूत निरोप पोचवणारे रसायनही सापडले. थोडक्यात, सगळी यादी सध्या बाजूला ठेवा, रक्ततपासणीत जे कमी निघेल तेवढेच घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच आहे आणि नेमके तेच तुमच्या यादीत नाही.

ऑफिसात कळण्याबद्दल : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. तुम्ही कुठल्या ओपीडीत बसला होता, हे कंपनीला कळवण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितले आहे.

प्रश्न : मी सांगलीची, वय ६३. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. ती आजतागायत चालू आहे. ओळखीचे मेडिकलवाले आजवर देत होते, आता मुलाने दुकान सांभाळायला घेतल्यापासून नवी चिठ्ठी आणा म्हणतात. मागच्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडले. नातू म्हणतो, हे विष आहे, आजच फेकून दे. त्याऐवजी सर्दीची गोळी घेतली की झोप येते, ती घेत राहिले तर चालेल का?

उत्तर : दुकान चालवणारा मुलगा बरोबर वागतो आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही औषधे औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात येतात. ती देताना दुकानदाराला डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही व्यवस्था २०१४ पासून लागू आहे. ओळखीवर गोळी मिळत राहिली, त्यामुळे नऊ वर्षांत तुम्हाला ‘अजून ती लागते का?’ असे कुणी विचारले नाही.

नातवाची काळजी खरी आहे, पण त्याचा सल्ला मात्र पाळू नका. नऊ वर्षे रोज हे औषध मिळाल्यामुळे मेंदूने स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतले आहे. ते एका दिवसात काढून घेतले तर भयंकर अस्वस्थता, रात्रभर जाग, कंप आणि तुमच्या वयात फिट येण्याचाही धोका आहे. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते. साधारण पद्धत अशी की दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी खाली आणायची, त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचे, पण शक्यतो पुन्हा वर चढायचे नाही. इतक्या बारीक पायऱ्या करण्यासाठी डॉक्टर कधी जास्त काळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधावर नेतात. यात काही महिने, कधी वर्षही जाते, आणि त्यात काही कमीपणा नाही. हे वेळापत्रक स्वतः आखू नका. मनोविकारतज्ज्ञांकडून किंवा अनुभवी फिजिशियनकडून लिहून घ्या आणि ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नातवालाच उतरवायला सांगा.

पडण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. साठीनंतर या औषधांमुळे तोल जातो, प्रतिक्रिया मंदावतात, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे आयुष्यच बदलते. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. तोवर बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा राहू द्या आणि उठताना आधी पलंगाच्या कडेवर क्षणभर बसा.

सर्दीची गोळी हा पर्याय नाही. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेल्या गोळ्यांनी गुंगी येते खरी, पण उतारवयात त्यांनी बुद्धीला गोंधळ, बद्धकोष्ठ, तोंडाला कोरड आणि लघवी अडकणे हे सगळे होऊ शकते. अल्प्राझोलामवर ती घेतली तर पडण्याचा धोका आणखी वाढतो.

मग झोपेसाठी काय करायचे? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळी सुचवली नाही. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलणारी वर्तनोपचाराची पद्धत सुचवली. तिचा गाभा ऐकायला उलटा वाटतो : झोप येत नसेल तर अंथरुणात कमी वेळ घालवायचा. साडेनऊला आडवे व्हायचे, साडेअकरापर्यंत कूस बदलत राहायचे आणि पहाटे पाचला उठायचे, असे होत असेल तर प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांची असते आणि उरलेले दोन तास अंथरूण म्हणजे चिंता करण्याची जागा बनते. म्हणून झोपायला अकरा वाजता जायचे, उठायची वेळ रोज तीच ठेवायची, वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत शांतपणे काहीतरी करायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. दुपारची झोप आणि संध्याकाळी मालिका पाहताना लागणारी डुलकी यांचा हिशेब रात्रीच्या झोपेतच धरला जातो. पहिले दोन आठवडे दिवसा फार पेंग येते, हे आधीच माहीत असावे. पूर्वी फिट येत असतील किंवा द्विध्रुवीय विकार असेल, तर ही पद्धत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. वयानुसार झोप थोडी कमी आणि हलकी होते. सहा तासांच्या झोपेनंतर दिवस ठीक जात असेल तर आठ तासांचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

एक गोष्ट राहते. गोळी मिळाली ती यजमान गेल्याच्या दुःखावर, आणि नंतर त्या दुःखाची विचारपूस झाली असे पत्रात दिसत नाही. नऊ वर्षांनीही जेवण बेचव लागत असेल, माणसांत जावेसे वाटत नसेल, तर झोपेमागे नैराश्य दडलेले असू शकते आणि त्याचा उपचार या वयातही उत्तम होतो. गोळी कमी करण्याच्या पहिल्याच भेटीत हेही बोला.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, वय २६. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करतो. दोनदा मुख्य परीक्षेत गेलो. वर्षभर अभ्यासिकेत बसतो पण डोक्यात काही शिरत नाही. रात्री तीनला झोपतो, अकराला उठतो. मला मेंदूवर परिणाम करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. व्यायामाने नैराश्य जाते असे ऐकून जिम लावली, संध्याकाळी सातला प्री-वर्कआउट घेऊन जातो, पण दहा-बारा दिवसांत सुटते. काही दिवस तर अंथरुणातून उठवत नाही. कधी कधी सगळे संपवून टाकावे असेही वाटते. नुसत्या व्यायामाने बरा होईन का?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी सर्वांत आधी घेते. असे विचार येणे हा नैराश्याचाच भाग आहे, तुमच्या स्वभावातला दोष नाही. पण ते येत असताना एकट्याने व्यायामाचे प्रयोग करत बसणे योग्य नाही. ‘टेली-मानस’ ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते. आज फोन करा. सोबत राहणाऱ्या एका मित्राला आणि घरच्या एका माणसाला हे वाक्य जसेच्या तसे सांगा. कशाने संपवायचे याचा विचार किंवा तयारी मनात होऊ लागली, तर त्याच क्षणी मित्राला घेऊन जवळच्या रुग्णालयात जायचे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो आणि तिथला खर्च विद्यार्थ्याला पेलण्यासारखा असतो.

आता व्यायाम. तुम्ही ऐकले ते खोटे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढील १५६ जणांचे तीन गट केले : एकाला आठवड्यातून तीनदा दमश्वासाचा व्यायाम, दुसऱ्याला सरट्रालिन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखी होती. औषधाचा गुण मात्र आधी दिसू लागला. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलेल्या, २१८ चाचण्या एकत्र पाहणाऱ्या आढाव्यात चालणे किंवा धावणे, योग आणि वजने उचलण्याचा व्यायाम हे प्रकार सरस ठरले आणि व्यायामाचा जोर वाढला तसा गुणही वाढलेला दिसला. पण असल्या चाचण्यांत आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे आकडे थोडे फुगतात. शिवाय त्यांत भाग घेणारी माणसे निदान ठरल्या जागी येण्याइतकी तरी सावरलेली असतात आणि त्यांना समोर उभे राहून करून घेणारा कुणीतरी असतो. तुम्ही एकटे आहात आणि काही दिवस अंथरुणातून उठवत नाही. तेव्हा व्यायाम सुटतो, यात आळस शोधू नका.

यासाठी मला अमेरिकेपेक्षा गोव्यातले एक काम अधिक उपयोगी वाटते. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर झालेली चाचणी ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये छापली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते. थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक होते, आणि भेटी सहा ते आठच. त्यांची रीत साधी होती. मन प्रसन्न झाल्यावर काम करू, ही वाट न पाहता आधी छोटे, अर्थपूर्ण काम ठरवायचे, ते ठरल्या वेळी करायचे आणि नंतर मनाला काय वाटले याची नोंद करायची. या समुपदेशनाची जोड मिळालेले रुग्ण नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक संख्येने बरे झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. संध्याकाळची जिम आणि प्री-वर्कआउट दोन्ही सध्या थांबवा. त्या भुकटीच्या एका चमच्यात बहुधा दोन-तीन कप कॉफीइतके कॅफीन असते, आणि ते शरीरातून निम्मे जायला पाच-सहा तास लागतात. सातला घेतले तर मध्यरात्रीनंतरही त्यातला बराच भाग रक्तात फिरत असतो. तीनला झोप येते याचे एक कारण तिथेच आहे. रात्री अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर होणारे चहाही त्यात मिळवा. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा : पहिल्या आठवड्यात दहा, मग साडेनऊ, मग नऊ, रात्री कितीही वाजता झोपलात तरी. उठल्यावर अर्ध्या तासात उन्हात बाहेर पडा आणि दहा मिनिटे चाला. दहाच. कुणाला तरी सोबत ठरवा, कारण खाली कोणी थांबले आहे हे माहीत असले की उठणे सोपे जाते. दोन आठवडे हे टिकले की वेळ वाढवत तळजाई किंवा पर्वतीपर्यंत जा. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे हे अंतिम ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचे नाही.

आणि गोळ्यांबद्दल. नैराश्यावरची आजची औषधे नशा आणत नाहीत आणि त्यांची मात्रा वाढवत जाण्याची ओढही लागत नाही. मळमळ, सुरुवातीची बेचैनी, लैंगिक इच्छा मंदावणे असे दुष्परिणाम काहींना होतात आणि थांबवताना ती हळूहळू थांबवावी लागतात. तरुणांत पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात डॉक्टर लवकर लवकर बोलावतात. तुम्ही ज्या तीव्रतेचे वर्णन केले आहे, तिथे नुसत्या व्यायामावर विसंबण्याचा सल्ला मी देणार नाही. औषध घ्यायचे की नाही हे तपासणीनंतर ठरवा, आधी नाही. प्री-वर्कआउटची भुकटी हीदेखील मेंदूवर परिणाम करणारीच वस्तू आहे, हे मात्र गमतीने नोंदवून ठेवते.

प्रश्न : रत्नागिरी, वय ३०. डॉक्टरांनी मला सरट्रालिन दिले आहे आणि चार महिन्यांत बराच फरक आहे. जर्मनीत राहणारी माझी नणंद सेंट जॉन्स वॉर्टच्या गोळ्या पाठवणार आहे, तिथे डॉक्टरही त्या देतात म्हणे. दोन्ही एकत्र घेतले तर लवकर सुटका होईल का? मी गर्भनिरोधक गोळ्याही घेते.

उत्तर : एकत्र अजिबात घेऊ नका. नणंदबाई सांगतात ते खरे आहे. ही वनस्पती सौम्य आणि मध्यम नैराश्यात गुणकारी ठरली आहे आणि जर्मनीत डॉक्टर ती लिहून देतात. पण ती सरट्रालिनसारखेच काम करते, त्यामुळे दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो : घाम, कंप, जुलाब, ताप, स्नायू ताठरणे. दुसरे म्हणजे ती यकृतातील काही विकरांना जोमाने कामाला लावते, आणि गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन अशी अनेक औषधे शरीरातून वेळेआधी निघून जातात. तुमच्या बाबतीत नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. सेरोटोनिनचा हाच अतिरेक ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधे यांनीही होऊ शकतो, तेव्हा अशी काही घेण्यापूर्वी सरट्रालिन चालू असल्याचे सांगत जा. चार महिन्यांत बराच फरक आहे, तर आहे ते औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवा.

प्रश्न : मी मूळची डोंबिवलीची, गेली सहा वर्षे टोरांटोत आहे, वय ४१. नोव्हेंबर लागला की झोप वाढते, गोड खावेसे वाटते, कामात लक्ष लागत नाही. एप्रिलमध्ये आपोआप बरे वाटते. इथे डॉक्टरांची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून आई येताना फ्लुपेंटिक्सॉल-मेलिट्रासेनच्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणते. शेजारणीने प्रखर दिवा वापरायला सांगितले आहे. तो खरोखर उपयोगी असतो का?

उत्तर : असतो, आणि तुमच्या लक्षणांना तो अधिक साजेसा आहे. हिवाळ्यात येऊन वसंतात जाणाऱ्या या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. डिसेंबरात डोंबिवलीचा दिवस अकरा तासांचा असतो, टोरांटोचा नऊ तासांच्या आत-बाहेर, आणि त्यातही सूर्य ढगांआड. दहा हजार लक्स प्रकाश देणारा आणि अतिनील किरण गाळणारा दिवा घ्या. सकाळी उठल्यावर तासाभरात, वीस ते तीस मिनिटे, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, तिरका ठेवून त्याच्यासमोर बसा. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही. चहा घ्या, पेपर वाचा. संध्याकाळी वापरला तर झोप लांबते. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा द्विध्रुवीय विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एक-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. दुपारच्या सुट्टीत, थंडी असली तरी, बाहेर चालून येणे याच उपचाराचा भाग समजा.

आईच्या गोळ्यांबद्दल मी नाराज आहे. या जोडगोळीतील फ्लुपेंटिक्सॉल हे मुळात मनोभ्रमावरचे औषध आहे. थोड्या मात्रेत ते तरतरी आणते म्हणून आपल्याकडे सर्रास वापरले जाते, पण दीर्घकाळ घेतल्यास हात कापणे, शरीर ताठर होणे, ओठ-जिभेच्या नकळत होणाऱ्या हालचाली असे विकार जडू शकतात, आणि त्यांतील शेवटचा कधी कधी औषध बंद केल्यावरही जात नाही. मेलिट्रासेन तिकडच्या डॉक्टरांच्या ओळखीचे नसते. तातडीच्या प्रसंगी त्यांना तुमच्या पाकिटावरून काही उमगणार नाही. तिथल्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्यावरची नेहमीची औषधे देण्याचा अधिकार आहे, वेगळ्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही. ऑगस्टमध्येच वेळ मागून ठेवा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात भेट होईल आणि पुढच्या हिवाळ्यासाठी प्रतिबंधक औषध हवे का हे वेळेत ठरवता येईल. सध्या चालू असलेली गोळी किती महिने घेतली आहे ते लिहून न्या आणि ती कशी कमी करायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आईने पुढच्या खेपेला गोळ्यांऐवजी तुमच्या जुन्या तपासण्यांचे आणि चिठ्ठ्यांचे कागद आणले, तर त्यांचा उपयोग अधिक होईल.